पायलटचा आकार, मोटारीची वर्गणी

रे रोड स्थानक 1910 मध्ये सुरू झाले. त्याच्या पूर्वेला दारूखाना, जिथे जुनी जहाजे मोडून भंगारात जातात. त्याच किनाऱ्याने दक्षिणेला गेले की गोद्या. वाट दाखवण्याचे पैसे कसे घ्यावेत, याचा हिशेब या किनाऱ्यावर मोटार येण्याआधीपासून चालत आला आहे.

बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजाला पायलट घ्यावाच लागतो. तो लाँचमधून येतो, दोराच्या शिडीने वर चढतो, ब्रिजवर उभा राहून सुकाणूच्या सूचना देतो आणि काम झाले की उतरतो. त्याचा आकार, म्हणजे शुल्क, जहाजाच्या टनेजवर ठरतो आणि ज्या त्या वेळी लागतो. आयुष्यभराचा पायलट कोणी एकदम विकत घेत नाही. मात्र 1908 च्या बंदर कायद्यात मेख होती: पायलट सक्तीचा असला तरी नुकसानीची जबाबदारी जहाजाच्या मालकाची किंवा कप्तानाचीच.

रे रोडपासून दोन स्थानकांवरच्या शिवडीत जनरल मोटर्सने 1928 मध्ये गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. तिथे किंमत अख्ख्या गाडीची असे. चालवण्याचे कसब मालकाचे स्वतःचे, नाहीतर पगारी ड्रायव्हरचे.

कसबच गाडीत आल्यावर ही विभागणी मोडली. टेस्लाने अमेरिकेत ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ आधी एकरकमी विकले. 2022 मध्ये त्याची किंमत 15,000 डॉलरवर गेली आणि 2024 मध्ये 8,000 वर आली. चढ्या भावात घेणारे फसले, असेच म्हणावे लागेल. 2021 पासून महिना 199 डॉलरची वर्गणीही होती, ती पुढे 99 झाली. तरीही लक्ष ठेवायचे चालकानेच आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच. मर्सिडीजने ‘ड्राइव्ह पायलट’साठी अमेरिकेत वर्षाला 2,500 डॉलर आकारले, पण ठरावीक रस्त्यांवर ती यंत्रणा चालू असताना जबाबदारी स्वतःकडे घेतली.

जुलै 2025 मध्ये टेस्लाचे मुंबईतले दालन वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. मॉडेल वाय तेव्हा सुमारे 60 लाखांपासून होती. ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’चे 6 लाख वेगळे होते, आणि ती सुविधा भारतात पुढे कधीतरी मिळणार होती. पायलट शिडीवर पाय ठेवण्याआधीच त्याचा आकार मागण्यासारखे हे होते. जबाबदारी चालकाकडेच राहणार असेल, तर कंपन्यांनी वापराइतकेच पैसे घेणे रास्त.