लघुउपग्रहांवरील अवकाशप्रारण मापन

लघुउपग्रहांवरील अवकाशप्रारण मापन म्हणजे आकाराने व वजनाने अगदी लहान असे शोधक छोट्या उपग्रहांवर बसवून पृथ्वीभोवतीच्या विद्युत्भारित कणांची नोंद घेण्याची पद्धत होय. या कणांचे मुख्य उगम तीन आहेत : सूर्यावरील उद्रेक, दूर अवकाशातून येणारे विश्वकिरण आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे व्हॅन ॲलन पट्टे. वातावरणामुळे भूपृष्ठावरील सजीव सुरक्षित राहतात. अंतराळवीरांना व उपग्रहांतील इलेक्ट्रॉनिक भागांना ते कवच नसते. एकाच जड कणाच्या आघाताने संगणकाच्या स्मृतीतील शून्याचा एक होऊ शकतो. ऑगस्ट १९७२ मधील प्रचंड सौर उद्रेक अपोलो-१६ व अपोलो-१७ या मोहिमांच्या मधल्या काळात झाला, हा केवळ योगायोग होता.

पार्श्वभूमी

या मापनाचा आरंभच लहान उपग्रहाने झाला. १९५८ साली सोडलेल्या एक्सप्लोरर-१ चे वजन सुमारे १४ किलोग्रॅम होते. त्यावरील गायगर गणित्र अधिक उंचीवर चक्क गप्प होई. तेथे कण नव्हते म्हणून नव्हे, तर इतके होते की गणित्राला ते मोजताच येईनात, असा उलगडा जेम्स व्हॅन ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि प्रारण पट्ट्यांचा शोध लागला. पुढे उपकरणे मोठी व महाग होत गेली. १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन विद्यापीठांतून १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती ‘क्यूबसॅट’ची कल्पना पुढे आली, तेव्हा विद्यार्थ्यांनाही हे क्षेत्र खुले झाले.

टाइमपिक्स शोधक

सर्न येथील मेडिपिक्स सहकार्यातून विकसित झालेली टाइमपिक्स ही चिप या कामी विशेष उपयोगी ठरली. तिच्यात २५६ × २५६ म्हणजे ६५,५३६ चित्रबिंदू असून प्रत्येकाची बाजू ५५ मायक्रोमीटर असते. सगळी चिप जेमतेम टपाल तिकिटाएवढी. सिलिकॉनच्या पातळ थरातून कण गेला की तेथे विद्युत्भार मोकळा होतो आणि प्रत्येक चित्रबिंदू आपल्या वाट्याचा भार स्वतंत्रपणे मोजतो. त्यामुळे नुसती संख्या न मिळता कणाचा मागच उमटतो. इलेक्ट्रॉनाची रेषा वेडीवाकडी, अतिवेगवान कणाची सरळ, तर अल्फा कणाचा गोल ठिपका. मागाच्या आकारावरून कण ओळखता येतो, हा गायगर गणित्राहून मोठाच लाभ म्हटला पाहिजे.

प्रमुख मोहिमा

मे २०१३ मध्ये सोडलेल्या युरोपच्या प्रोबा-व्ही उपग्रहावरील ‘सॅट्राम’ उपकरणाद्वारे टाइमपिक्स प्रथमच खुल्या अवकाशात गेला. सुमारे ८२० किलोमीटर उंचीवरून त्याने दक्षिण अटलांटिक विसंगतीचे, म्हणजे जेथे आतील पट्टा पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो त्या प्रदेशाचे, मापन केले. २०१४ मधील टेकडेमोसॅट-१ वरील ‘ल्युसिड’ची मूळ कल्पना इंग्लंडमधील कँटरबरी येथील सायमन लँग्टन शाळेच्या विद्यार्थ्यांची, शालेय मुलांचा असा सहभाग विरळाच. चेक प्रजासत्ताकाचा व्हीझेडलूसॅट-१ हा क्यूबसॅट २३ जून २०१७ रोजी भारताच्या पीएसएलव्ही-सी३८ यानाने श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेला. त्यावरही टाइमपिक्स होता.

वैज्ञानिक फलिताच्या दृष्टीने मात्र कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा क्यूबसॅट (२०१२) अग्रगण्य ठरतो. त्यावर टाइमपिक्स नव्हता, सिलिकॉन शोधकांचीच वेगळी रचना होती. विश्वकिरणांच्या माऱ्याने वातावरणात न्यूट्रॉन निर्माण होतात. त्यांच्या क्षयातून निघालेले इलेक्ट्रॉन आतील पट्ट्यात अडकतात, हे सुमारे सहा दशकांपूर्वीचे अनुमान होते. या उपग्रहाच्या नोंदींवरून त्याचा पुरावा मिळाला व तो २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मर्यादा

शोधकाचे क्षेत्रफळ लहान असल्याने विरळ कण क्वचितच सापडतात. उलट दाट प्रारणात माग एकमेकांवर पडून ओळख अवघड होते. शिवाय लहान उपग्रहाची वीज व संदेशक्षमता तुटपुंजी असल्यामुळे सर्व चित्रे पृथ्वीवर पाठवता येत नाहीत. म्हणून काही मोहिमांत संपूर्ण चित्राऐवजी मागांची निवडक माहितीच खाली पाठवली जाते.