जॅझ बेस गिटारच्या पिकअपची जुळणी

जॅझ बेस गिटारच्या पिकअपची जुळणी म्हणजे फेंडर जॅझ बेस व त्या धर्तीच्या विद्युत बेस गिटारमधील पिकअप बदलताना ते परस्परांस पूरक ठरतील अशी केलेली निवड होय. जुळणी चुकल्यास दोन्ही पिकअप स्वतंत्रपणे उत्तम असूनही एकत्र वाजताना खर्जाचे स्वर क्षीण होतात किंवा गुणगुण ऐकू येते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९६० साली जॅझ बेस बाजारात आणली. तिच्यात एकेरी कुंडलाचे दोन पिकअप असतात. एक दांडीच्या बाजूस, तर दुसरा घोडीजवळ (ब्रिज).

कार्यतत्त्व

पिकअपमध्ये चुंबकांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वाद्याच्या तारा कंप पावल्या की विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने या कुंडलात विद्युत संकेत निर्माण होतो. हेच कुंडल वीजपुरवठ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. गुणगुण उद्भवते ती त्यामुळे. यावर उपाय म्हणून एका पिकअपचे चुंबकीय ध्रुव व वेढ्यांची दिशा दोन्ही उलट ठेवतात. वाद्याचा संकेत दोनदा उलटल्याने पूर्ववत होतो. गुणगुण चुंबकावर अवलंबून नसल्याने एकदाच उलटते आणि दोन्ही पिकअपचा आवाज समान ठेवल्यास जवळजवळ नाहीशी होते.

निवडीचे निकष

* लांबी : घोडीजवळचा पिकअप सामान्यतः दोन-तीन मिलिमीटर अधिक लांब असतो; काही वाद्यांत मात्र दोन्ही सारखेच असतात. म्हणून खरेदीपूर्वी मोजमाप घ्यावे लागते.
* रोध : तो बहुधा ७ ते ८ किलोओहमच्या आसपास असतो. तारेच्या जाडीनुसारही तो बदलत असल्याने केवळ या आकड्यावरून नाद ठरत नाही.
* उंची : दोहोंच्या आवाजातील किरकोळ तफावत स्क्रूने उंची बदलून दूर करता येते.

एकच पिकअप बदलताना

प्रथम होकायंत्र जवळ धरून जुन्या पिकअपच्या वरच्या बाजूचा ध्रुव तपासतात. नव्याचा ध्रुव त्याच्या विरुद्ध असावा लागतो. बसवल्यानंतर दोन्ही पिकअप पूर्ण आवाजात वाजवताना खर्ज क्षीण वाटल्यास एका पिकअपच्या दोन्ही वायरींची अदलाबदल करतात. ध्रुव विरुद्ध असतील तर तेवढ्याने खर्ज परततो व गुणगुणही थांबते. ध्रुव सारखेच असतील तर मात्र वायरी कशाही जोडल्या तरी दोहोंपैकी एक दोष उरतो. त्यामुळे एकाच उत्पादकाची जुळवलेली जोडी घेणे अधिक सुरक्षित ठरते.