मुद्दाम हरावं का?



मागच्या रविवारी अमेरिकेतून नातवाचा फोन आला. तो ह्यूस्टनला असतो. शाळेत त्याला वादविवादासाठी विषय मिळाला होता, "पुढे चांगला संघ उभा करता यावा म्हणून बेसबॉलच्या संघाने मुद्दाम हरावं का?" म्हणाला, "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवायचे आणि कबड्डीचा संघही न्यायचे. मग तुम्हीच सांगा."

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. आधी त्याच्याकडूनच समजून घेतलं. तिकडे नव्या दमाचे खेळाडू निवडताना जो संघ आदल्या वर्षी सर्वांत जास्त हरला, त्याला पहिली निवड करू देत. दुबळ्याला हात मिळावा हा हेतू. पण काही व्यवस्थापकांनी हिशेब मांडला, अर्धवट हरण्यापेक्षा पुरतंच हरावं! महागडे खेळाडू विकावेत, शेवटच्या नंबरावर राहावं आणि चांगली पोरं उचलावीत. नातवाच्या गावचा ॲस्ट्रॉस संघ २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने हरला, आणि २०१७ मध्ये विजेता झाला. (त्या वर्षी त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्या होत्या हे पुढे उघड झालं, पण तो वेगळा विषय.) हे फार बोकाळलं म्हणून आता पहिल्या काही निवडी चिठ्ठ्या टाकून ठरवतात.

मी त्याला म्हटलं, "बाबू, दोन दिवस दे. विचार करून सांगतो."

पहिल्यांदा आठवली ती आपली कबड्डी. सातही गडी बाद झाले की लोण चढतो. समोरच्याला दोन गुण जास्तीचे मिळतात, पण आपले सातही गडी पुन्हा मैदानात येतात. म्हणून एखादाच कच्चा गडी उरला असेल, तर हुशार कर्णधार त्याला फार वेळ लपतछपत ठेवत नाही. दोन गुण गेले तर जाऊ देतो, पण संघ पुन्हा उभा करतो. याला कोणी लबाडी म्हणत नाही.

मग आठवला पुरंदर. हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान मोठी फौज घेऊन आले. दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला. वज्रगड पडला, मुरारबाजी लढता लढता पडले, आणि किल्ल्यात तर सरदारांची बायकामुलं होती. महाराजांनी ओळखलं, आता ओढून धरलं तर सगळंच जाईल. जूनमध्ये ते स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले आणि तह केला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राखला.

वर्गात मुलं नेहमी विचारायची, "सर, महाराज हरले का?" मी म्हणायचो, दिलेले तेवीस मोजू नका, राखलेले बारा पाहा. त्यात राजगड होता, तोरणा होता आणि रायगड होता. पुढे राज्याभिषेक झाला तो याच रायगडावर, १६७४ साली. मधल्या काळात आग्र्याचं संकट येऊन गेलं. परतल्यावर काही वर्षं महाराजांनी मोगलांशी भांडण काढलं नाही, राज्याची घडी बसवली. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजींनी प्राण देऊन सिंहगड परत आणला, मार्चमध्ये पुरंदर आला, आणि मग एकामागून एक किल्ले येत गेले.

हाच दिलेरखान १६६७ मध्ये आपल्या चांद्यावरही चालून आला होता, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. चांद्याच्या गोंड राजाने मोठी खंडणी कबूल केली आणि राज्य वाचवलं. पुढे ऐंशीएक वर्षांनी ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. म्हणजे नमतं घेऊन राज्य वाचतं, पण पुन्हा उभं राहणं हे वेगळंच काम आहे. ते हरण्यातून आपोआप होत नाही.

तेव्हा नातवाला काय सांगावं? इथपर्यंत उत्तर सोपं वाटत होतं. मोठ्या कामासाठी थोडं हरायला हरकत नाही! पण लिहायला बसलो आणि एक जुनी गोष्ट आडवी आली. घरातही ती मी कधी सांगितलेली नाही.

१९८३ च्या हिवाळ्यातली गोष्ट. तालुक्याचे सामने होते. आमचा संघ उपांत्य फेरीत पोचलेलाच होता. गटातला शेवटचा सामना जिंकलो असतो, तर पुढे सर्वांत तगडा संघ वाट्याला आला असता. हरलो तर सोपा. मी पोरांना बाजूला घेऊन म्हटलं, "आज जरा हळू खेळा." सगळ्यांना कळलं. एक नववीतला पोरगा, आमचा सर्वांत चांगला चढाईपटू, तेवढा बोलला, "सर, माजा बाप आला ना जी पाहाले." बाप खरोखरच धानाची चुरणी सोडून सायकलने आला होता. मी म्हटलं, "परवा पाहील ना."

आम्ही हरलो. उपांत्य सामना जिंकलो, अंतिमही जिंकलो. ढाल शाळेत आली, माझं कौतुक झालं. पण त्या पोराचा बाप परवा आला नव्हता. एवढ्या कामाच्या दिवसांत दोनदा कसा येणार? आणि तो पोरगा नंतर कधी सरावाला आला नाही. मी विचारलंही नाही.

आज वाटतं, फरक इथेच आहे. पुरंदर आधी लढवला गेला, तह नंतर झाला. मुरारबाजींना कोणी "हळू लढा" असं सांगितलं नव्हतं. आणि तहाची किंमत महाराजांनी आधी स्वतःच्या घरातून दिली. मानहानी स्वतः सोसली, आठ वर्षांच्या संभाजीराजांना मोगलांच्या छावणीत पाठवलं. कबड्डीतला लोणही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिला जातो. मी मात्र न लढताच हरलो, चोरून हरलो आणि किंमत दुसऱ्याच्या खिशातून दिली. ह्यूस्टनला तीन वर्षं तिकीट काढून आपला संघ पाहायला जाणारे बापही असेच कोणीतरी असणार.

नातवाला मी एवढंच सांगितलं, "हरायची वेळ आली तर हरावं, काय राखायचं ते आधी ठरवावं. पण लढून हरावं, आणि त्याची झळ आधी ठरवणाऱ्याला बसावी."

तो म्हणाला, "आजोबा, मग मी कोणत्या बाजूने बोलू?"

म्हटलं, "पाहायला आलेल्या बापाच्या बाजूने बोल."

असो. तुम्हाला काय वाटतं?