‘अमात्य’ : एका अधिकारपदाचें अर्थांतर

(१)

जुनीं दप्तरें चाळणारांस सर्वांत अधिक फसवितात ते ओळखीचे शब्द. अपरिचित फारसी शब्द आला तर आपण कोश उघडतों. परंतु ‘मंत्री’, ‘सचिव’, ‘अमात्य’ असा संस्कृत शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे असें समजून पुढें जातों. ‘अमात्य म्हणजे राजाचा प्रधान’ हें समीकरण आम्ही शाळेंत वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलें आहे, आणि अमरकोशापुरतें तें खरेंही आहे. पण नाशिकच्या लेण्यांतील अमात्य, रायगडावरील अमात्य आणि बावड्याचे पंत अमात्य यांस एकाच मापानें मोजूं लागल्यास पत्रांचे अर्थ बिघडतात, कालनिर्णय चुकतो, आणि प्रसंगीं बनावट कागद खरा ठरतो.

हातकणंगले तालुक्यांत राहणाऱ्यास पदव्यांचा हा विषय दूरचा नाहीं. उत्तरेस वारणा वाहते, इ. स. १७३१ च्या तहानें तीच सातारा व कोल्हापूर या दोन छत्रपतींच्या राज्यांची सीमा ठरली. पेठ वडगांवास सेनापति धनाजी जाधव यांची समाधि आहे. इचलकरंजीची जहागीर स्थापणारे नारो महादेव हे सेनापति संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें वाढले व त्यांनीं धन्याचें उपनांवच आपलें म्हणून घेतलें. दक्षिणेस कागलकडील कापशी गांवाला तर लोक आजही ‘सेनापति कापशी’ म्हणतात. सैन्य गेलें, सेनापतिपद गेलें, पण पदवी गांवाच्या नांवाला चिकटून राहिली. या सर्व पदव्यांपैकीं ‘अमात्य’ या एकीचा प्रवास येथें पाहावयाचा आहे.

(२)

‘अमा’ हें अव्यय आहे. त्याचा अर्थ ‘घरीं, जवळ, बरोबर’. सूर्य व चंद्र ज्या तिथीस एकत्र वसतात ती अमावास्या, हें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. या अव्ययास ‘त्यप्’ प्रत्यय लागून ‘अमात्य’ शब्द सिद्ध होतो, जसे ‘इह’ पासून ‘इहत्य’ व ‘तत्र’ पासून ‘तत्रत्य’. पाणिनीनें चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत हा प्रत्यय सांगितला आहे, आणि तो कोणकोणत्या अव्ययांस लागतो हें सांगणाऱ्या वार्तिकांत ‘अमा’ चा उल्लेख पहिला आहे. तेव्हां अमात्य म्हणजे केवळ ‘घरचा’. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत घरच्या धनास हें विशेषण लाविलेलें आढळतें. आश्वलायन गृह्यसूत्रांत प्रेताबरोबर स्मशानाकडे जाणाऱ्या घरच्या मंडळींस ‘अमात्य’ म्हटलें आहे. तेथें ज्येष्ठ पुढें व कनिष्ठ मागें असा चालण्याचा क्रम दिला आहे. राजकारणाचा तेथें गंधही नाहीं. हस्तलिखितांचा संग्रह करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें; गृह्यप्रयोगाच्या पोथींत ‘अमात्य’ दिसल्यास तिचा राजदरबाराशीं संबंध जोडण्याचें कारण नाहीं.

घरचा माणूस तो विश्वासाचा, आणि विश्वासाचा तो कामाचा, या पायऱ्यांनीं शब्द राजवाड्यांत शिरला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो पूर्ण राजकीय झालेला आहे. राज्याच्या सात प्रकृतींत स्वामीच्या खालोखाल अमात्याचें स्थान आहे. तथापि तेथें अमात्य म्हणजे मंत्री नव्हे. कौटिल्याचा अमात्य हा अधिकाऱ्यांचा सामान्य वर्ग आहे. धर्म, अर्थ, काम व भय या चार प्रकारच्या छुप्या परीक्षांनीं त्याची पारख करावयाची. जो धर्माच्या परीक्षेंत उतरला त्यास न्यायासनावर, जो अर्थाच्या परीक्षेंत उतरला त्यास महसूल व कोठार यांवर नेमावयाचें. चारींत उतरेल तोच मंत्री व्हावयाचा, आणि चारींत नापास झाला त्यास खाणी, अरण्यें, हत्ती व कारखाने यांकडे धाडावयाचें.

याच ग्रंथांत अमात्य कोठून निवडावे याविषयीं जुन्या आचार्यांचा वाद नोंदला आहे. कौणपदंत म्हणतो कीं बापआज्यांपासून सेवेंत असलेल्या घराण्यांतील माणसें घ्यावीं, कारण तीं धन्यास सोडीत नाहींत. त्यावर वातव्याधीचा आक्षेप असा कीं असे लोक धन्याचें सर्व कांहीं आपल्या हातीं घेऊन स्वतःच धनी होऊन बसतात. म्हणून नवीन माणसें घ्यावीं. कौटिल्य स्वतः योग्यता पाहून काम द्यावें असा निर्णय देतो. हा वाद वाचकांनीं लक्षांत ठेवावा; मराठ्यांच्या इतिहासांत त्याच्याशीं पुन्हा गांठ पडणार आहे.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत अर्थसंग्रह करणारे, नीट पारखलेले अमात्य नेमावे असें सांगून पुढें दंड अमात्याच्या अधीन असल्याचेंही म्हटलें आहे. अमरसिंहानें मात्र मंत्री, धीसचिव व अमात्य हे एका ओळींत बसवून बाकीच्यांस ‘कर्मसचिव’ ठरविलें. आमच्या शाळेंतील समीकरण आलें तें येथून.

(३)

ग्रंथांपेक्षां लेखांची साक्ष अधिक पक्की, कारण लेखांतील अमात्य हा प्रत्यक्ष नांवागांवाचा माणूस आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीची अठराव्या राज्यवर्षाची आज्ञा कोरली आहे. ती गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास उद्देशून आहे. प्राकृतांत शब्द ‘अमच’ असा येतो. चोविसाव्या वर्षाच्या आज्ञेंत त्याच ठिकाणीं सामक नांवाचा अमात्य आहे, आणि पुढें पुळुमावीच्या बाविसाव्या वर्षीं शिवस्कंदिल. या तिघांपैकीं कोणीही राजाजवळ बसून मसलत देणारा नव्हे. गोवर्धन आहाराचा कारभार पाहणारा, राजाज्ञा येतांच शेत मोजून देणारा, असा हा जिल्ह्याचा अधिकारी आहे. ‘घरचा’ माणूस आतां घरापासून दूर नेमला गेला. सहा वर्षांच्या आंत नांव बदललें यावरून पद वंशाचें नव्हतें, बदलीचें होतें, असें अनुमान करण्यास जागा आहे.

शक ७२ मधील (इ. स. १५०) रुद्रदामन्‌च्या गिरनार येथील लेखांत हें अधिकच स्पष्ट होतें. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधण्याचें काम अशक्य म्हणून राजाच्या मतिसचिवांनीं व कर्मसचिवांनीं नाकारलें. तें तडीस नेलें आनर्त-सुराष्ट्राच्या पालनासाठीं नेमलेल्या सुविशाख नामक पह्लव अमात्यानें. एकाच लेखांत सल्ला देणारे व कामें पाहणारे ते सचिव, आणि प्रांत संभाळणारा तो अमात्य, असा भेद आहे.

यानंतर शब्द पुन्हा राजधानीकडे वळतो. उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत महामात्य व सांधिविग्रहिक हे दरबारचे मोठे अधिकारी म्हणून राजाच्या नांवापाठोपाठ येतात. देवगिरीच्या यादवांकडे हेमाद्रीसारखा थोर कारभारी ‘श्रीकरणाधिप’ म्हणविला जातो. म्हणजे लेखनाचें व हिशेबाचें खातें स्वतंत्र नांवानें प्रतिष्ठेस चढलें. मुसलमानी अमलांत या खात्यावर फारसी नांव पडलें तें ‘मजमूदार’. ‘मजमू’ म्हणजे एकूण बेरीज. ती राखणारा तो मजमूदार, मराठी जिभेवर मुजुमदार.

(४)

ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, आणि अष्टप्रधानांचीं फारसी नांवें बदलून संस्कृत नांवें ठेविलीं गेलीं. पेशवा तो मुख्य प्रधान, सुरनीस तो सचिव, वाकनीस तो मंत्री, डबीर तो सुमंत, सरनोबत तो सेनापति, आणि मुजुमदार तो अमात्य. येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नांवें संस्कृत झालीं तरी कामें जुनींच राहिलीं. ‘मंत्री’ मसलतीचा मुख्य न होतां वाकनिशीच करूं लागला. ‘अमात्य’ जमाखर्च तपासूं लागला. म्हणून शिवकालीन अमात्याचा अर्थ अमरकोशांत शोधूं नये, मजमूच्या कामांत शोधावा. शुक्रनीतींत अमात्याकडे गांवें, जमीन व महसूल यांचा हिशेब सोंपविला आहे आणि तो रायगडाच्या व्यवस्थेशीं जुळतो, हें खरें. परंतु त्या ग्रंथाचा काळच वादग्रस्त असून कित्येक पंडित त्यास फार अर्वाचीन मानतात. तेव्हां त्या आधारावर इमारत उभी न करणें बरें.

मुजुमदारी निळो सोनदेव यांजकडे होती. त्यांचे पश्चात् राज्याभिषेकसमयीं अमात्यपद नारो निळकंठ व रामचंद्र निळकंठ या त्यांच्या पुत्रांकडे आलें. पुढें एकटे रामचंद्रपंतच इतिहासांत उरले. इ. स. १६८९ त राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हां महाराष्ट्राचा सर्व कारभार पंतांवर सोंपवून त्यांस ‘हुकुमतपन्हा’ हा किताब दिला गेला. हिशेबाचा अधिकारी राज्याचा आधार झाला. गड, सैन्य, इनामें, न्याय सर्व त्याच्या हातीं आलें. परंतु हा मोठेपणा अमात्यपदाचा नव्हता, माणसाचा व प्रसंगाचा होता. म्हणूनच त्यास निराळ्या किताबाची गरज पडली. त्या काळच्या पत्रांत पंत जे अधिकार चालवितात ते ‘अमात्याचे अधिकार’ म्हणून मांडणें ही चूक अनेकदां होते.

पंतांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळचें, सामान्यतः इ. स. १७१५ च्या सुमाराचें मानतात. त्यांत वतनदारांविषयीं दिलेला इशारा सर्वश्रुत आहे : ते लहान प्रमाणावरचे राजेच होत, आहे त्यांत त्यांचें समाधान नसतें, आणि नवीं वतनें देत गेल्यास राज्य क्षीण होतें. वातव्याधीचा आक्षेपच जणूं दोन सहस्रकांच्या अंतरानें मराठींत उतरला. आणि दैवगति अशी कीं पंतांच्या पश्चात् अमात्यपद पुत्र भगवंतराव यांजकडे व पुढें त्यांच्या वंशाकडे चाललें, आणि गगनगडाच्या पायथ्याचें बावडें हें त्या घराण्याचें ठाणें झालें. हिशेब पाहणारा अमात्य शेवटीं बावड्याचा जहागीरदार झाला. इ. स. १८६२ च्या तहानें कोल्हापूरच्या मोठ्या जहागीरदारांवर इंग्रजांची देखरेख आली, तेव्हां त्यांत बावड्याचे पंत अमात्य होते. पण एव्हांना ‘पंत अमात्य’ हें पदाचें नांव न राहतां घराण्याचें नांव झालें होतें. भोरचे पंत सचिव, औंध व विशाळगड येथील पंत प्रतिनिधि यांचीही गत तीच. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, इ. स. १९५३ च्या कायद्यानें विलीन मुलखांतील जहागिरी संपल्या, आणि राहिलें तें केवळ नांव.

(५)

असा प्रवास आपल्याच देशांत झाला असें नाहीं. रोमन लोकांच्या भाषेंत ‘कोमेस’ म्हणजे बरोबर जाणारा, सोबती. बादशहाच्या स्वारीबरोबर जाणारे ते त्याचे कोमेस. कॉन्स्टंटाइन बादशहानें (इ. स. ३०६–३३७) या सोबतास तीन प्रतींची रीतसर पदवी केली. मग खजिन्याचा कोमेस, खासगीचा कोमेस, सरहद्दीच्या फौजेचा कोमेस असे अधिकारी झाले. सोबती धन्यापासून शेंकडों कोस दूर राहूं लागला, जसा गोवर्धनचा अमात्य. रोमचें पश्चिमेकडील राज्य मोडल्यावर फ्रँक राजांनीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास तेंच नांव दिलें. इ. स. ८७७ त चार्ल्स राजानें इटलीवर स्वारीस निघतांना, मागें मरण पावणाऱ्या अशा अधिकाऱ्याची जागा त्याच्या मुलास मिळावी अशा अर्थाची तजवीज केली. पद वंशाकडे वळलें. त्याचाच पुढें फ्रेंच ‘कोंत’ व इंग्रजी ‘काउंट’ हा सरदारी किताब झाला. सोबती, अधिकारी, जहागीरदार आणि अखेर नुसतें बिरुद, या त्याच चार पायऱ्या.

मूळ अर्थाच्या दृष्टीनें ‘कोमेस’ शब्दाचा खरा भाऊ आपला ‘सचिव’ होय, कारण ‘सच्’ धातूचा अर्थ बरोबर असणें, अनुसरणें हाच आहे. अरबींतील ‘साहिब’ हाही मुळांत सोबतीच. तो वजिराचा किताब झाला आणि मराठींत येऊन ‘साहेब’ झाला. राजाच्या निकट असणें हेंच अधिकाराचें पहिलें बीज, असें या शब्दांवरून दिसतें.

(६)

संग्राहकांनीं या विवेचनाचा उपयोग तीन ठिकाणीं करावा.

पहिलें, शके १५९६ पूर्वीच्या मराठी राजपत्रांत ‘अमात्य’ हें पद आल्यास थांबावें. तेवढ्यावरून कागद बनावट म्हणूं नये. मागाहून नक्कल करणारानें आपल्या काळचें नांव घातलें असण्याचा संभव असतो. परंतु अस्सल म्हणण्यापूर्वीं अक्षर, कागद व शिक्का यांची दुप्पट तपासणी करावी.

दुसरें, शाहू महाराज परत आल्यानंतर दोन दरबार झाले व दोन अमात्य झाले. साताऱ्यास हणमंते घराण्यांत ती पदवी गेली. तेव्हां नुसत्या ‘अमात्य’ या शब्दावरून पत्र बावडेकरांचें मानूं नये. व्यक्तीचें नांव व मुद्रा पाहावी.

तिसरें, राज्याभिषेकानें ‘मुजुमदार’ शब्द नाहींसा झाला नाहीं. मोठ्या पदाचें नांव बदललें; परंतु पेशवाईंतही दिवाण, फडणीस, सबनीस, पोतनीस यांच्या पंक्तीस परगण्यांत मुजुमदार हा दरकदार होताच. अशा मुजुमदारास भाषांतरांत ‘अमात्य’ करणें म्हणजे कारकुनास अष्टप्रधानांत बसविणें होय.

आजच्या राज्यकारभाराकडे पाहिलें तर जुन्या नांवांची वांटणी मोठी विलक्षण झालेली दिसते. ‘पंतप्रधान’ सर्वांत वर चढला. वाकनिशीचा ‘मंत्री’ लोकांनीं निवडलेला कारभारी झाला, ‘सचिव’ कायमचा नोकर झाला, आणि मुंबईच्या सचिवालयाचें इ. स. १९७५ त ‘मंत्रालय’ झालें. ‘अमात्य’ मात्र कोणत्याही कचेरीच्या दारावर नाहीं. जो शब्द पूर्णपणें एका घराण्याचा झाला तो राज्यास पुन्हा उपयोगी पडला नाहीं. वतनाविषयींच्या पंतांच्या इशाऱ्याची ही सर्वांत शांत साक्ष आहे. या तालुक्यांत व वारणेच्या दोन्ही तीरांवर जुन्या घरांतून अद्याप पुष्कळ दप्तरें बांधलेलीं आहेत. त्यांतील कागदांवर ‘अमात्य’ कोणत्या शकाचा, कोणत्या दरबाराचा व कोणत्या कामाचा आहे, एवढी नोंद ज्यांनीं त्यांनीं आपल्या यादींत करून ठेविली, तरी पुढील संशोधकाचें निम्में काम होईल.