माउंटन बाइकच्या गियरची घरगुती दुरुस्ती : आधी तपासणी, मग स्क्रू

बंगळुरू : बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असलेल्या नंदी हिल्सची उंची १,४७८ मीटर आहे. या चढणीवर आणि शहराच्या दक्षिणेकडील तुरहळ्ळीच्या खडकाळ वाटांवर सायकलस्वारांची वर्दळ असते. उन्हाळ्यातील धूळ आणि जून ते नोव्हेंबर या काळातील पावसाच्या दोन हंगामांतील चिखल यांचा पहिला फटका बसतो तो सायकलीच्या गियरना. गियर उशिरा बदलणे, चढणीवर आपोआप सुटणे किंवा सतत खडखड होणे, या तक्रारींपैकी बहुतेक घरीच दूर करता येतात. मात्र दुरुस्तीचा क्रम चुकल्यास साधा बिघाड अपघाताचे कारण ठरू शकतो.

बिघाडाचे मूळ

जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ मध्ये टप्पेवार गियरबदलाची पद्धत आणली. या पद्धतीत शिफ्टरच्या प्रत्येक खटक्यासरशी केबल ठरावीक अंतराने ओढली किंवा सोडली जाते आणि मागचा डिरेलर साखळीला शेजारच्या चकतीवर नेतो. केबल किंचित सैल पडली तरी हे गणित बिघडते. नव्या सायकलीची केबल पहिल्या काही दिवसांत सैल पडणे स्वाभाविक असते. त्यामुळे दोष बहुधा गियरमध्ये नसून केबलमध्ये असतो.

प्रथम तपासणी

साखळी, चकत्या आणि डिरेलरची लहान चाके स्वच्छ करून साखळीला बेताचे तेल द्यावे. त्यानंतर सायकलीच्या मागे उभे राहून डिरेलर पाहावा. तो चकत्यांना समांतर असला पाहिजे. आत वळलेला दिसल्यास तो ज्या पट्टीवर बसवलेला असतो, तो हँगर वाकलेला असण्याची शक्यता असते. पडझडीत सांगाडा वाचावा म्हणून हा भाग मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. तो घरी अंदाजाने सरळ करू नये. मापकाच्या साहाय्याने दुकानातून सरळ करून घ्यावा किंवा बदलावा. हँगर वाकडा असताना केलेली कोणतीही जुळणी टिकत नाही.

साखळीची झीज साध्या पट्टीने मोजता येते. नव्या साखळीच्या सलग २४ जोडांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती एक-सोळांश इंचाने वाढली असल्यास साखळी बदलावी. वाढ एक-अष्टमांश इंच झाली असल्यास चकत्याही झिजलेल्या असण्याची शक्यता अधिक असते.

केबलचा ताण

एकाने सीट धरून मागचे चाक उचलावे आणि दुसऱ्याने पेडल फिरवत एकेक गियर बदलावा. मोठ्या चकतीकडे जाताना साखळी अडखळत असल्यास केबल सैल आहे, असे समजावे. केबल जेथे शिफ्टरमध्ये किंवा डिरेलरमध्ये शिरते, तेथे हाताने फिरवता येणारी नळीसारखी कळ असते. ती बाहेर येईल अशी फिरवल्यास केबल ताणली जाते आणि आत गेल्यास सैल होते. एका वेळी पाव फेराच द्यावा आणि पुन्हा तपासावे. लहान चकतीकडे येताना साखळी रेंगाळत असल्यास ताण जास्त असतो किंवा केबलच्या आवरणात गंज वा चिखल साचलेला असतो. दुसऱ्या स्थितीत केबल आणि आवरण दोन्ही बदलणे हाच उपाय होय.

मर्यादेचे स्क्रू

डिरेलरवर 'एच' आणि 'एल' अशी अक्षरे असलेले दोन स्क्रू असतात. त्यांचे काम गियर जुळवण्याचे नसून डिरेलरला दोन्ही टोकांना थोपवण्याचे असते. 'एच' स्क्रू सर्वांत लहान चकतीची बाजू राखतो, तर 'एल' स्क्रू सर्वांत मोठ्या चकतीची. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यास हालचालीला आवर बसतो. खडखड थांबवण्यासाठी अनेक जण प्रथम हेच स्क्रू फिरवतात आणि धोका तेथेच निर्माण होतो. 'एल' स्क्रू सैल पडला की साखळी मोठ्या चकतीपलीकडे उतरून चाकाच्या तारांत अडकू शकते. पाठोपाठ डिरेलरही तारांत ओढला जाऊन चाक जागीच थांबू शकते. तीव्र चढावर स्वार सर्वांत हलका गियर घेतो, नेमका तेव्हाच हा प्रसंग ओढवतो.

म्हणून दुरुस्तीनंतर चाक उचललेल्या स्थितीतच सर्वांत मोठ्या चकतीवर साखळी न्यावी आणि डिरेलर हाताने हळूच आत ढकलून पाहावा. साखळी चकती ओलांडत नसेल, तरच सायकल रस्त्यावर काढावी. गियर बदलताना पेडलवरील जोर क्षणभर कमी करावा आणि चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गियर घ्यावा. या दोन सवयींमुळे साखळी आणि चकत्या दीर्घकाळ टिकतात.