'जॉर्ज' म्हणून हाक मारलेल्या माणसांची युनियन

आपल्या चळवळीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा विषय निघाला की दोन नावे हमखास येतात : मार्टिन ल्यूथर किंग आणि ब्लॅक पँथर. 1972 साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतले, त्यामुळे हे साहजिक आहे. पण किंग यांच्या आधी तीस वर्षे ज्यांनी लढ्याची जमीन नांगरली, ते लोक रेल्वेच्या डब्यात गोऱ्यांचे बूट पुसत होते. त्यांच्याविषयी आमच्या शिबिरांत, अभ्यासवर्गांत फारसे बोलले जात नाही.

पुलमन पोर्टर म्हणजे स्टेशनावरचा लाल डगल्यातला हमाल नव्हे. जॉर्ज पुलमन या उद्योगपतीने 1867 साली कंपनी काढून झोपण्याची सोय असलेले आलिशान डबे चालवायला सुरुवात केली. त्या डब्यातला सेवक म्हणजे पोर्टर. गादी घालणे, सामान उचलणे, रात्री प्रवासी झोपले की त्यांचे बूट चकचकीत करणे, घंटी वाजली की धावणे, ही त्याची कामे. गुलामगिरी संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पुलमनने या कामासाठी मुद्दाम नुकतेच मुक्त झालेले गुलाम निवडले. ते कमी पगारात राबतील, हा एक हिशेब. दुसरा हिशेब जास्त खोल होता. तिकीट काढणाऱ्या मध्यमवर्गीय गोऱ्याला एका रात्रीपुरता मळेवाल्या मालकाचा थाट मिळत होता. कंपनी बिछान्याबरोबर हा थाटही विकत होती.

प्रवासी पोर्टरला 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायचे, ही जुनी रीत. मालक जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचे सगळे नोकर जॉर्ज. पुढे या प्रथेविरुद्ध एक संस्थाही निघाली, पण ती काढणारा गोरा होता आणि त्याचेच नाव जॉर्ज होते. आपल्या नावाचा अपमान होतो, एवढेच त्याचे दुखणे!

1920 च्या दशकात पोर्टरला पूर्ण पगारासाठी महिन्याला 11,000 मैल प्रवास किंवा जवळपास 400 तास काम करावे लागे. गाडी सुटण्यापूर्वी डबा तयार करण्याचे तास धरले जात नसत. बूटपॉलिश स्वतःच्या पैशाने आणायचे, टॉवेल हरवला तर पगारातून कापून घ्यायचे. 1926 च्या सुमारास महिन्याचा पगार साधारण 72 डॉलर. बाकी भिस्त बक्षिसीवर. बक्षिसीला औदार्य म्हणणाऱ्यांनी हा हिशेब नीट पाहावा. मालकाने द्यायचा पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडला की कामगाराला हसावेच लागते, अपमान झाला तरी हसावे लागते. त्या हसण्याची मजुरी कंपनी देत नव्हती. कंडक्टर मात्र गोराच. त्याचे काम पोर्टरकडून करून घेतले तरी त्याचा पगार पोर्टरला मिळत नसे.

25 ऑगस्ट 1925 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 'ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स' ही युनियन स्थापन झाली. तिचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, 'द मेसेंजर' या मासिकाचे संपादक होते. म्हणूनच त्यांना बोलावले होते, कारण कंपनी त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हती. कंपनीने हेर पेरले, सभासदांना कामावरून काढले, फिलिपिनो कामगार भरले आणि स्वतःची पाळीव युनियन पुढे केली. 1928 मध्ये पुकारलेला संप मागे घ्यावा लागला. मग मंदी आली आणि हजारोंची सभासदसंख्या काहीशेंवर घसरली. या काळात पोर्टरांच्या बायकांनी वर्गणी गोळा केली, घरात गुप्त बैठका घेतल्या. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर यांच्या नवऱ्याला कामावरून काढले, तेव्हा त्या थेट साहेबाच्या कार्यालयात जाऊन भांडल्या आणि त्याला परत घ्यायला लावले. डब्यांतून कृष्णवर्णीय स्त्रियाही सेविका म्हणून राबत होत्या, पण युनियनच्या नावातला त्यांचा उल्लेख पुढे गळून पडला. हेही लिहिले पाहिजे.

1934 मध्ये रेल्वे कामगार कायदा दुरुस्त झाला. 1935 च्या मतदानात ब्रदरहूडला जवळपास सहा हजार मते पडली, कंपनीच्या युनियनला चौदाशेच्या आसपास. करारावर सह्या झाल्या 25 ऑगस्ट 1937 रोजी, स्थापनेला बरोबर बारा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. महिन्याचे 400 तास 240 वर आले.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात पोर्टरचाही उल्लेख आहे, तो मात्र विसरला जातो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून रुळांवर राबतो, त्याला पोर्टरही होता येत नाही, असे ते म्हणाले. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेत, आणि सवर्ण मास्तराच्या घरात विटाळ चालत नव्हता. तिकडे कातडीचा रंग पाहून माणसाला गोऱ्याच्या बिछान्यापर्यंत नेले, इकडे जात पाहून दारातूनच हाकलले. वंशभेद आणि जातिभेद एकच आहेत, असे घाईने म्हणणाऱ्यांनी इथे थांबावे. शिवाशिवीचा नियम उलटा आहे. चढण्याच्या वाटा मात्र दोन्हीकडे बंदच होत्या.

वेगळी संघटना काढली की 'कामगारांत फूट पाडता' हा आरोप आजही आपल्यावर होतो. मनमाडलाही तो झाला. कामगारांमधला भेद ज्या कारणांनी टिकतो ती कारणे नष्ट करा, मगच एकी होईल, हे बाबासाहेबांचे उत्तर होते. अमेरिकेत तर कित्येक रेल्वे युनियनच्या घटनेतच 'फक्त गोरे' असे कलम होते. रँडॉल्फ यांनी आधी स्वतःची युनियन बांधली, तिच्या बळावर अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरमध्ये जागा घेतली आणि तिथल्या अधिवेशनांत उठून याच युनियनांना जाब विचारला. आमच्या मते हाच क्रम बरोबर आहे. आधी आपली ताकद, मग आघाडी. 1941 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगांतल्या नोकऱ्यांत भेदभावाला मनाई करणारा आदेश काढावा लागला. मोर्चा काढावाच लागला नाही.

पोर्टर फक्त सामान वाहत नव्हते. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे गठ्ठे ते दक्षिणेत पोचवत. उत्तरेत काम आहे, मतदान करता येते, ही खबर त्यातूनच शेतमजुरांच्या झोपड्यांत गेली. माँटगोमेरीचे ई. डी. निक्सन असेच एक पोर्टर, तिथल्या ब्रदरहूडचे प्रमुख. डिसेंबर 1955 मध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली, तेव्हा जामिनासाठी धावले ते निक्सन. बस बहिष्कारासाठी त्यांनी शहरातल्या पाद्रींना फोन लावले, त्यात 26 वर्षांचे किंगही होते. बैठक किंग यांच्याच चर्चमध्ये ठरली. आपण परत येईपर्यंत नेता निवडू नका, असे निक्सन यांनी सांगून ठेवले. ते स्वतः त्या बैठकीला नव्हते. ड्यूटी होती, ते गाडीवर गेले होते.