दातांच्या तारा लवकर काढता याव्यात म्हणून छोटी शस्त्रक्रिया : किती उपयोगाची?

वाकडेतिकडे किंवा पुढे आलेले दात सरळ करण्यासाठी तारा लावल्या की उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतो. परीक्षा, नोकरी किंवा लग्न जवळ आलं असेल तर एवढा काळ नकोसा होतो. मग कुणीतरी सांगतं, हाडाला बारीक छिद्रं पाडली की काम लवकर होतं. यात तथ्य किती?

दात कसा सरकतो?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं हाड तयार होतं. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर असतो. तार जास्त आवळून तो वाढत नाही, उलट मुळाला इजा होऊ शकते.

शस्त्रक्रियेची कल्पना

1959 मध्ये कोल यांनी जबड्याच्या बाहेरच्या कठीण हाडाला चिरा देऊन दात हलवण्याची पद्धत मांडली. 1983 मध्ये अमेरिकेचे अस्थितज्ज्ञ हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी सांगितलं, की जखम झालेल्या हाडाभोवती झीज-भर काही काळ वेगाने होते. 2001 मध्ये विल्को बंधूंनी याच तत्त्वावर आपली पद्धत मांडली.

मुख्य प्रकार तीन :

कॉर्टिकोटॉमी – हिरडी उघडून हाडाला चिरा देतात.
पिझोसिजन – हिरडीला लहान काप देऊन कंप पावणाऱ्या अवजाराने हाड चिरतात.
मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन – हिरडीतूनच हाडाला बारीक छिद्रं पाडतात.

पुरावा काय सांगतो?

2013 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील 20 रुग्णांच्या अभ्यासात छिद्रं पाडल्यावर 28 दिवसांत सुळा 2.3 पट वेगाने सरकला. या आकड्याची खूप चर्चा झाली. पण नंतरच्या काही चाचण्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणाऱ्या फक्त 4 चाचण्या सापडल्या, रुग्ण एकूण 57. थोडा वेग वाढल्याचं दिसलं, पण पुरावा कमकुवत होता. पूर्ण उपचाराचे किती महिने वाचले, हे एकाही चाचणीत मोजलेलं नव्हतं.

खरी मेख इथेच आहे. वाढलेला वेग काही महिन्यांतच ओसरतो. एक सुळा लवकर सरकला म्हणजे सगळ्या तारा लवकर निघतील असं नाही. शेवटी दात नीट जुळवायला वेळ लागतोच.

हो म्हणण्याआधी

भूल, सूज, दुखणं, हिरडीवर व्रण आणि जादा खर्च हे सगळं धरून चाला. हिरड्यांचा आजार, ताब्यात नसलेला मधुमेह, तंबाखूचं व्यसन किंवा हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि थेट विचारा : 'माझ्या केसमध्ये एकूण किती महिने कमी होतील? छिद्रं पुन्हा पाडावी लागतील का?' उत्तर गोलमोल आलं तर घाई करू नका, दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्या.

वेळ वाचवण्याचा साधा मार्ग आपल्याच हातात आहे. तारीख चुकवू नका, कडक-चिकट खाऊन ब्रॅकेट तोडू नका, रबर सांगितल्याप्रमाणे लावा आणि दात स्वच्छ ठेवा.